घोडी वाळली, तिला काय घालावे?

मंडळी, आपल्या सोलापुरात एके काळी टांग्यांची वर्दळ असे. पुढे रिक्षा आल्या आणि टांगे मागे पडले. पण घोडा काही आपल्या जिल्ह्यातून गेला नाही. दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आषाढी वारीत वाखरीच्या माळावर माउलींच्या अश्वाचे रिंगण होते. आणि लग्न म्हटले की वरातीला घोडी लागतेच.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येतात. त्यांच्या घरी वरातीची पांढरी घोडी आहे. वरातीला मालक जातात. घोडीचे दाणापाणी बाई पाहतात. गणपती गेल्यावर एका रात्री वर्ग सुटला, तरी बाई थांबून राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, घोडी पार वाळलीया. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांचा विसार घेतलाय. अशी बरगड्या निघालेली घोडी दारात नेली तर लोक काय म्हणतील? विसार परत मागतील."

घोडी वाळण्याचे कारण सरळ होते. चातुर्मासात लग्ने नाहीत. लग्ने नाहीत म्हणजे कमाई नाही. मग पहिली कात्री लागते ती घोडीच्या चंदीला. बाई दिवसाला जेमतेम तीन किलो कडबा टाकत होत्या. हरभरा बंदच होता.

आता आमची चूक सांगतो. आम्ही जन्मभर शाळा चालवली, घोडा कधी पाळला नाही. तरी मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो, "बाई, हरभरा चारा. घोड्याचे बळ हरभऱ्यात." बाईंनी उसनेपासने करून हरभरा आणला. गुरुजींचा शब्द म्हणून दोन-अडीच किलो एकदम तोबऱ्यात घातला. त्या रात्री घोडी जमिनीवर लोळू लागली. मान वळवून पोटाकडे पाही, पुढच्या पायाने जमीन उकरी. लीद बंद झाली. पोटशूळ उठला होता. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शन दिले, नाकातून नळी घालून पोट मोकळे केले. पहाटे घोडीने लीद टाकली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

डॉक्टरांनी आम्हाला तिथेच गोठ्यात शिकवले. घोडा गाईसारखा रवंथ करत नाही आणि त्याला ओकताही येत नाही. पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. मोठ्या घोड्याच्या जठराची पिशवीसुद्धा ८ ते १५ लिटरचीच असते. मोकळा सोडला तर घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरत असतो. त्याचे पोट तशा खाण्यासाठीच घडले आहे. दाणा एकदम फार पडला, तर तो न पचता मोठ्या आतड्यात जातो. तिथे आंबतो, वायू धरतो. कधी पायाच्या खुरांना आतून सूज येते आणि घोडा कायमचा लंगडा होतो. उपाशी राहिलेल्या घोड्याला तर दाण्याचा जास्तच धोका. म्हणून आधी वैरण, मग दाणा.

डॉक्टरांनी घोडीच्या तोंडात हात घालून दाढा पाहिल्या. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे दाढा झिजताना वरच्यांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते. ती धार गालाला आणि जिभेला कापते. मग घोडा घास अर्धा चावून खाली टाकतो. बाई म्हणाल्या, "व्हय की! गव्हाणीखाली ओले बोळे पडल्यात रोज." डॉक्टरांनी कानशीने दाढा घासून दिल्या. आपल्या घोड्याच्या गव्हाणीखाली असे बोळे दिसले, तर चंदी वाढवण्यात अर्थ नाही. आधी दात दाखवावेत.

मग जंत. लीद तपासून जंताचे औषध द्यायचे ठरले. पण औषध वजनावर द्यायचे असते. घोडी तराजूत कशी घालणार? यासाठी एक हिशेब आहे. आपल्या वर्गातला गुणाकार-भागाकार इथे कामी येतो.

शिंप्याची टेप घ्यावी. पुढच्या पायांच्या मागून, पाठीवरून छातीचा घेर मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. येईल ते अंदाजे वजन, किलोमध्ये. आपल्या घोडीचा घेर भरला १४२ आणि लांबी १३८. १४२ गुणिले १४२ म्हणजे २०,१६४. त्याला १३८ ने गुणले की २७,८२,६३२. भागून आले २३४ किलो. हा भागाकार बाईंनी फळ्यावर केला. एकदा चुकला, पुसून पुन्हा केला.

वजनाबरोबर हातानेही पाहावे. अमेरिकेतील हेनेके नावाच्या तज्ज्ञाने १९८३ साली घोड्याच्या अंगाला १ ते ९ गुण देण्याची रीत मांडली. १ म्हणजे नुसता सापळा, ९ म्हणजे चरबीचा गोळा. ५ गुणांचा घोडा चांगला. त्याच्या बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण हात फिरवला की लागतात. आपली घोडी ३ वर होती. तिला ९ वर न्यायचे नव्हते. लठ्ठ घोडाही आजारीच असतो, हे आपल्याकडे पुष्कळांना पटत नाही.

आता खाणे. घोड्याला दिवसाला वजनाच्या शेकडा २ ते अडीच इतका कोरडा चारा-दाणा लागतो. २३४ किलोच्या घोडीला हे झाले पाच ते सहा किलो. पहिले दहा दिवस दाणा अजिबात नाही. कडब्याची बारीक कुट्टी, हरळीचे वाळले गवत आणि लसूणघास, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे. शेवटची वैरण रात्री निजायच्या आधी. लसूणघासात बळ आहे आणि चुनाही आहे. पण ओल्या घासात पाणी फार. पाच किलो ओला घास वाळला तर किलोभरच उरतो. म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये, आणि तोही हळूहळू वाढवावा.

दहा दिवसांनी चंदी सुरू केली. पाव किलोपासून. भिजवलेला हरभरा आणि भरडलेली ज्वारी. ज्वारी अख्खी घातली तर बरीचशी लिदीतून तशीच बाहेर पडते. पैसा उकिरड्यात जातो. दर चार-पाच दिवसांनी पाव किलो वाढवत दीड किलोपर्यंत नेले, तेही तीन वेळांत वाटून. शेवटी शेवटी चंदीवर थोडे गोडे तेल. चमचाभर मीठ रोज. पाणी सदा समोर. घोड्याला दिवसाला वीस-तीस लिटर पाणी लागते आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी कमी पडले की कोरडी वैरण पोटात अडते.

गव्हाचा कोंडा स्वस्त म्हणून पुष्कळ जण घमेले भरून घालतात. तसे करू नये. नुसत्या कोंड्याने हाडांतला चुना कमी होतो आणि घोड्याचे तोंड सुजते. पूर्वी विलायतेत पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हे व्हायचे, म्हणून त्याला गिरणीवाल्याचा रोग असेच नाव पडले. मूठ-दोन मुठी कोंडा चालतो.

कडब्याविषयी आपल्या लोकांना काय सांगावे! मंगळवेढ्याच्या ज्वारीचे नाव तर सगळीकडे झाले आहे. पण दोन गोष्टी पाहाव्यात. पावसात भिजून काळा पडलेला, बुरशीचा कडबा घोड्याला घालू नये. बैल एखादे वेळी तरून जाईल, घोडा नाही. आणि हिरवी कोवळी ज्वारी, पाण्यावाचून खुरटलेली किंवा कापणीनंतर फुटवे आलेली, जनावरांना विषारी असते. तिच्या जवळही घोडी बांधू नये.

बाईंनी एक वही घातली. तारीख, वैरण, चंदी, लीद. पहिल्या पानांवर अक्षरे मोठाली आणि काने-मात्रे पळालेले. "लसूनघास" असेच लिहायच्या. आम्ही ते सुधारले नाही, कारण आकडे बरोबर होते. दर रविवारी टेप लावायची आणि घेर लिहायचा. पहिले दोन आठवडे आकडा हललाच नाही. मालक कुरकुरू लागले. म्हणाले, "वहीनं का घोडी भरती व्हय?" बाई काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी घेर १४३ झाला. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या रविवारी तो १४९ भरला. हिशेबाने वजन २५८ किलो. म्हणजे दोन महिन्यांत २४ किलो. हाताने पाहिले, तर गुण साडेचारापर्यंत आले होते. विसार कुणी परत मागितला नाही.

वराती सुरू झाल्या आणि नवी काळजी आली. जास्त काम म्हणजे जास्त खाणे हवे. पण भरल्या पोटी मिरवणुकीत उभे करू नये. चंदी कामाच्या दोन-तीन तास आधी द्यावी आणि परत आल्यावर अंग निवेपर्यंत थांबावे. मालक आता बरोबर कुट्टीचे पोते नेतात. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ सालचे सरकारी नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जनावराला जुंपू नये. सोलापूरचा वैशाख आठवा, म्हणजे हे कुणासाठी लिहिले ते कळेल.

पहिल्या महिन्यात सात वराती झाल्या. त्यानंतरच्या रविवारी बाईंनी वही आणून दाखवली. घेर १४८, वजन २५४. चार किलो उतरले होते. त्याखाली त्यांनी स्वतःच लिहिले होते: "उद्यापासून घास एक पेंढी जास्त. मंगळवारची वरात घ्यायची नाही."