फवारणीची औषधे आणि पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांची वसा

दिंडोरी तालुक्यातील बहुतांश पाणी, अरबी समुद्र जवळ असूनही, पूर्वेकडे वाहते. करंजवण व पालखेड येथे अडविलेली कादवा नदी पुढे नांदूरमध्यमेश्वर येथे गोदावरीस मिळते व ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरास जाते. पालखेडच्या डाव्या कालव्यावर येवला, मनमाड या गावांचे पिण्याचे पाणीही अवलंबून आहे. त्यामुळे द्राक्षबागेतून ओहोळात गेलेले औषध कोठे जाते, हा प्रश्न एका बागेपुरता राहत नाही.

या पाण्यात सहसा नजरेस न पडणारे प्राणी असतात. त्यांपैकी जलपिसू, म्हणजे डॅफ्निया व मोइना, हे शेततळ्यातही आढळतात. त्यांची लांबी एक ते पाच मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. पाणी हिरवे करणारे शेवाळाचे कण खाऊन हे प्राणी जगतात व स्वतः माशांच्या पिलांचे पहिले अन्न होतात. कटला मासा तर मोठेपणीही मुख्यतः अशा प्राण्यांवरच वाढतो. समुद्रात हेच काम कोपेपोड नावाचे प्राणी करतात. थंड समुद्रातील काही कोपेपोडांच्या शरीराच्या कोरड्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग केवळ वसेचा असतो व त्या शिदोरीवर ते हिवाळा काढतात.

जलपिसूचे शरीर पारदर्शक असल्याने तिच्या अंगातील वसेचे थेंब सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसतात. ती दर दोन-तीन दिवसांनी कात टाकते. मधल्या काळात खाद्यातून जमविलेली वसा ती कात टाकण्याच्या सुमारास अंड्यांत भरते आणि ही अंडी पाठीवरील पिशवीत वाढतात. पिलास आरंभीचे दिवस या वसेवरच काढावयाचे असतात. कात टाकणे, अंडी भरणे व वसा साठविणे या तिन्ही कामांची सूत्रे परस्परांत गुंतलेल्या हॉर्मोनांच्या हाती असतात. बाहेरून आलेले रसायन त्या हॉर्मोनाचे सोंग घेऊन शिरले, की सगळाच क्रम बिघडतो.

याचे चांगले अभ्यासलेले उदाहरण ट्रायब्यूटिल टिन या द्रव्याचे आहे. जहाजांच्या तळास शिंपले चिकटू नयेत म्हणून ते रंगात मिसळीत असत. त्याने समुद्रातील गोगलगाईंच्या माद्यांत नराची लक्षणे उत्पन्न झाल्यामुळे २००१ साली त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला व तो २००८ साली अमलात आला. पुढे २०१५ साली बार्सिलोना येथील संशोधकांनी दाखविले, की या द्रव्याच्या अत्यल्प अंशाने जलपिसूची वसा अंड्यांकडे न जाता मातेच्याच अंगात साचून राहते. घरात कणगी भरलेली आणि मुले मात्र उपाशी, असा हा प्रकार होय. माता मरत नाही, पुष्ट दिसते. मात्र पुढची पिढी दुबळी निपजते. औषधाने प्राणी मेला की नाही एवढेच ४८ तासांत पाहणाऱ्या चाचणीत असा बिघाड सापडणे कठीण आहे. यासाठी २१ दिवसांची संततीची चाचणी अधिक उपयोगी ठरते.

हे द्रव्य द्राक्षबागेत वापरले जात नाही हे खरे. परंतु कीटक व जलपिसू हे दोन्ही संधिपाद प्राणी असल्याने एकासाठी केलेले औषध दुसऱ्यासही बाधते. पांढऱ्या माशीवर वापरले जाणारे पायरिप्रॉक्सिफेन कीटकांच्या बालहॉर्मोनाची नक्कल करते. त्यामुळे जलपिसूंना पिले कमी होतात व एरवी माद्याच जन्मास येतात तेथे नर निपजू लागतात. रसशोषक किडींवरील स्पायरोटेट्रामॅट तर किडीच्या शरीरात वसा तयार करणाऱ्या एंझाइमावरच घाव घालते. मोरचुदातील तांबेही जलपिसूस फार विषारी आहे. तेव्हा बोर्डो मिश्रण जुने व परिचित आहे म्हणून ते पाण्यात गेले तरी चालेल, असे समजणे चुकीचे ठरेल.

प्रमाणाचा हिशेब ध्यानी घ्यावा. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. त्यात २२ ग्रॅम क्रियाशील औषध मिसळले, तर लिटरमागे १० मायक्रोग्रॅम अंश होतो. पायरिप्रॉक्सिफेन एक मायक्रोग्रॅमहून कमी असतानाही जलपिसूच्या संततीस बाधते.

म्हणून फवारणी यंत्र तळ्याच्या वा ओहोळाच्या काठी धुऊ नये. रिकाम्या बाटल्या तीन वेळा विसळून ते पाणी टाकीतच ओतावे व बागेवर फवारून संपवावे. टाकी भरताना नळीचे तोंड द्रावणात बुडू देऊ नये. पंप बंद पडताच द्रावण उलटे तळ्यात ओढले जाण्याचा संभव असतो, व हा दोष पुष्कळ ठिकाणी केवळ सवयीने घडतो. वारा तळ्याकडे वाहत असता किंवा पावसाची चिन्हे असता फवारणी पुढे ढकलावी. ओहोळाच्या काठी गवताचा पट्टा राखल्यास वाहून येणारे औषध व माती बऱ्याच अंशी अडते.

ज्यांना शेततळ्यात मत्स्यबीज सोडावयाचे असेल त्यांनी त्यापूर्वी काही दिवस सकाळी काचेच्या बरणीत तळ्याचे पाणी घेऊन उजेडाकडे धरावे. निरोगी पाण्यात जलपिसू झटके देत खालीवर होताना साध्या डोळ्यांनीही दिसतात. पाणी हिरवे आहे, पण त्यात एकही हालता ठिपका नाही, असे दोन-तीन दिवस आढळल्यास बीज सोडण्याची घाई करू नये व जवळपास अलीकडे काय फवारले गेले याची चौकशी करावी.