सूज उतरते ती कुणाच्या सांगण्यावरून?

"पोराचा गुडघा तालमीत मुरगळला. गोळी घेतली की उतरतंय, सोडली की परत फुगतंय. ओमेगा-३ ची कॅप्सूल चालू करू काय?" असं एका वडिलांनी विचारलंय. कोल्हापुरात असे गुडघे गल्लोगल्ली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सूज ही दुरुस्तीची सुरुवात असते. दुखावलेल्या जागी काही तासांत पांढऱ्या पेशी जमतात. त्यांना बोलावणारे प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन हे रेणू पेशीच्या आवरणातल्या चरबीपासूनच बनतात. हे रेणू संपले की सूज आपोआप विरते, असं पूर्वी धरून चालत. तसं नाही. थांबायचा हुकूमही द्यावा लागतो आणि तोही चरबीतूनच निघतो. १९८४ मध्ये चार्ल्स सेर्हान आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांनी असा हुकूम देणारं लायपॉक्सिन दाखवून दिलं. पुढे सेर्हान यांच्याच प्रयोगशाळेत मासळीच्या तेलातल्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ चरबींपासून बनणारी, तेच काम करणारी रिझॉल्विन सापडली.

यातल्या रिझॉल्विन ई-१ ची करामत बघण्यासारखी आहे. पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर ओवलेलं एक प्रथिन असतं, त्याला ग्राही म्हणतात. ज्या ग्राहीवर बसून ल्युकोट्राइन पांढऱ्या पेशींना बोलावतं, तिथेच हे रिझॉल्विन जाऊन बसतं आणि ल्युकोट्राइनची जागा अडवतं. भक्षक पेशींवरच्या केमआर-२३ नावाच्या दुसऱ्या ग्राहीवर ते बसलं, की त्या पेशी मेलेल्या पांढऱ्या पेशी गिळून जागा साफ करतात. खासबाग मैदानात शेवटची कुस्ती सुटल्यावर गर्दी बाहेर काढणारी माणसं लागतात, तसंच हे.

आता गोळी. वेदनाशामक गोळी प्रोस्टाग्लँडिन रोखते. पण त्यातलंच एक प्रोस्टाग्लँडिन पुढे लायपॉक्सिन बनवायला लावतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा टप्पा अडवल्यावर सूज लांबलेली दिसली आहे. माणसाच्या गुडघ्याबद्दल मी इतकं ठाम बोलणार नाही. पण मेडिकलमधून मागून आणलेलं डायक्लोफिनॅक आठवडेच्या आठवडे खाल्लं, तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, हे पक्कं. त्यात गोळीच्या जोरावर पुन्हा आखाड्यात उतरणं म्हणजे कहरच. ॲस्पिरिनमुळे लायपॉक्सिनसारखाच एक रेणू तयार होतो खरा, तरी ती मनाने घेऊ नका. ती घेत असताना पावसाळ्यात आलेला ताप डेंगीचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कॅप्सूल हा नुसता कच्चा माल. त्यातून शरीरात रिझॉल्विन किती बनतं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. त्यापेक्षा आंबा घाट चढून येणारा बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोनदा रश्श्यात पडू द्या. शाकाहारी घरात जवसाची चटणी, पण जवस भाजून कुटूनच. अख्खा दाणा बराचसा तसाच बाहेर पडतो. जवसातल्या ओमेगा-३ चा थोडाच भाग ईपीए होतो, हेही लक्षात असू द्या. कारळ्याची चटणी चवीला खुशाल खा, तिच्यात मुख्यतः ओमेगा-६ असतं.

आणि तुमच्या पोराचं. मुरगळल्यावर दोन-तीन तासांतच गुडघा टम्म फुगला होता का? चालताना निसटतो किंवा अडकतो का? तसं असेल तर आतला अस्थिबंध किंवा गादी फाटलेली असू शकते. ती ना गोळीने जुळेल, ना बांगड्याने. याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर तालीम बंद. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.