जोतिबाचा डोंगर आणि आपली चूल

कोल्हापुराच्या वायव्येस नऊदहा कोसांच्या आत वाडी रत्नागिरी नावाचा गाव आहे. लोक त्यास जोतिबा म्हणूनच ओळखतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 3,100 फूट उंचीच्या या डोंगरावर राणोजी शिंदे यांनी इ. स. 1730 मध्ये बांधविलेले काळ्या पाषाणाचे देऊळ आहे, आणि चैत्र पौर्णिमेस तेथे लाखो लोकांची यात्रा भरते. त्या यात्रेचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा नाही. आपणांस पाहावयाचा आहे तो डोंगर, व त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या घरांशी असलेला त्याचा संबंध.

पन्हाळ्याच्या ज्या रांगेचा हा डोंगर भाग आहे, ती रांग दोन नद्यांच्या खोऱ्यांमधील दुभाजक होय. तिच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस वारणेस जाऊन मिळतो, दक्षिण उतारावरील पाऊस पंचगंगेस. पुढे वारणा सांगलीजवळ हरिपुरास कृष्णेला मिळते आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीस. म्हणजे एकाच माथ्यावर चार हातांच्या अंतराने पडलेले दोन थेंब निरनिराळ्या वाटांनी अनेक कोस हिंडून अखेर एकाच नदीत एकत्र येतात. वाटेत त्यांतील काही केर्ली, कुशिरे, पोहाळे, गिरोली अशा गावांच्या विहिरींत मुरतात. डोंगरावर जे टाकले जाते, जाळले जाते व सांडले जाते ते आज ना उद्या खाली आपल्याच घागरीत उतरते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. पुढे सांगितलेल्या सवयी तिच्यावरूनच निघतात.

विहिरीस पाणी येते कोठून, असे मुलांस विचारले तर ती ‘पावसातून’ असे उत्तर देतात. ते खरे, परंतु अर्धे खरे. काळ्या कातळावर पडलेला पाऊस घटकाभरात ओढ्यास लागतो. त्यास थांबवून धरते ते गवत, पाला व त्यांच्या मुळांनी बांधलेली माती. जेथे गवत दाट आहे तेथे पाणी हळूहळू खडकाच्या भेगांत शिरते व पौष-माघापर्यंत झऱ्यावाटे बाहेर येत राहते. जेथे डोंगर उघडा पडला आहे तेथे आषाढात ओढा गढूळ लोंढ्याने वाहतो आणि दिवाळी सरली की कोरडा पडतो.

आता डोंगर उघडा कोण पाडतो? वणवा. आणि वणवा बहुधा आकाशातून पडत नाही. कोणी आपला बांध स्वच्छ करावा म्हणून काडी लावतो, दुपारी वारा सुटतो, आणि जाळ तासाभरात माथ्यापर्यंत चढतो. कोणी विझवल्याशिवाय विडी फेकतो. कित्येक जण तर जाणून पेटवितात, कारण जाळल्याने पुढल्या वर्षी गवत चांगले येते असा समज पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. या समजाची नीट परीक्षा केली पाहिजे. राखेतून पहिल्या वळवाबरोबर हिरवे कोंब दिसतात हे खरे. परंतु वर्षानुवर्षे जाळलेल्या रानात मऊ गवत मागे पडते आणि आगीस दाद न देणारे कुसळी गवत पसरते, जे गुरांच्या तोंडास व मेंढरांच्या लोकरीत रुतते. नवी रोपे, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी व मातीतील बी जळून जाते, आणि उघड्या पडलेल्या मातीचा वरचा थर पहिला मोठा पाऊस खाली नेतो. एका हिरव्या महिन्यासाठी एवढी किंमत देणे शहाणपणाचे नव्हे. तेव्हा बांधावरील गवत दिवाळीनंतर विळ्याने कापून गुरांस घालावे, आणि ज्यांचे शेत डोंगरास लागून आहे त्यांनी कडेचा आठदहा फुटांचा पट्टा खरवडून साफ ठेवावा. यासच वनखात्याचे लोक जाळरेषा म्हणतात. बांध पेटविणे हा आपला हक्क आहे असे म्हणणारे गावोगाव भेटतात. जाळ बांधापाशी थांबत नाही, एवढेच त्यांस विचारपूर्वक दाखवावे.

उसाच्या पाचटाची गोष्ट हीच. तोड झाली की फड पेटवून द्यावा ही आपल्या जिल्ह्यातील जुनी रीत. एका हेक्टरात सुमारे 8 ते 10 टन पाचट निघते, व त्यात 40 ते 50 किलो नत्र असते. ते नत्र पेटविले की धुरावाटे उडून जाते, आणि मग तेच आपण दुकानातून पोत्याने विकत आणतो! पाचट खोडव्याच्या सऱ्यांत पसरून, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट व पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी दिले म्हणजे ते काही महिन्यांत कुजते. तोवर त्याच्या आच्छादनाने ओल टिकते व तण कमी उगवते. पहिल्या वर्षी कुळव-नांगरास अडचण वाटेल, ती सोसावी.

येथवर पुरुषांच्या कामांविषयी लिहिले. आता चुलीकडे वळू. पूर्वी चूल पेटविण्यास काटक्या, शेणी, गोवरी किंवा वाळला पाला लागे. आज पुष्कळ घरांत फाटकी प्लास्टिकची पिशवी चुलीत घालून वर लाकूड ठेवतात, कारण ती चटकन पेट घेते. हा धूर साध्या लाकडाच्या धुरासारखा नव्हे. काही जातींचे प्लास्टिक जळताना डायॉक्झिन नावाचे विष उत्पन्न होते, आणि ते प्रथम कोणाच्या श्वासात जाते? फुंकणीने फुंकणाऱ्या आईच्या, आणि तिच्या मांडीशी बसलेल्या लेकराच्या. एवढी एक सवय या आठवड्यात सुटली तरी हा पाठ वाया गेला नाही असे समजावे. पिशवी उकिरड्यावर टाकणे हाही उपाय नव्हे. खरकट्याच्या वासाने म्हैस ती गिळते, ती कोठीपोटात अडकून राहते, आणि जनावर खाईनासे होऊन कधी कधी मरते. स्वच्छ पिशव्या धुऊन, वाळवून एका पोत्यात साठवाव्या व भंगारवाल्यास द्याव्या. आणि मुळात घरी येतील त्या कमी याव्या म्हणून बाजारास जाताना कापडी पिशवी न्यावी. जुन्या लुगड्याच्या पिशवीस काही खर्च नाही.

यात्रेच्या दिवसांत ज्यांची रस्त्याकडेला रसाची, ताकाची किंवा चहाची टपरी असते त्यांच्यावर अधिक जबाबदारी येते. महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी घातली, आणि 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आहे. कायदा कागदावर राहिला की त्याचा उपयोग नाही, हे ओढ्याकाठी जाऊन पाहणाऱ्यास सांगावयास नको. काचेचा पेला विसळून पुन्हा द्यावा. जेवण वाढावयाचे असल्यास पळसाची पत्रावळ व द्रोण आहेतच, आणि ते शेणाच्या खड्ड्यात कुजतात. टपरीपाशी एक रिकामे पोते बांधून ठेवले तर गिऱ्हाईक बहुधा त्यातच कचरा टाकते.

पाण्याविषयी थोडा हिशोब मांडू. तो फळ्यावर करून दाखवावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वीस फूट लांब व वीस फूट रुंद छप्पर म्हणजे सुमारे 37 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 1,000 मिलिमीटर धरला तर त्यावर 37,000 लिटर पाणी पडते. चौथा हिस्सा वाया गेला असे मानले तरी 28,000 लिटर, म्हणजे 14 लिटरच्या 2,000 घागरी उरतात. एवढे सारे साठविणे गरिबास शक्य नाही. परंतु 5,000 लिटरची झाकलेली टाकी असली, व पाच माणसांस पिण्यास व स्वयंपाकास रोज 25 लिटर लागले, तर ती 200 दिवस पुरते. दसऱ्यास भरलेली टाकी अक्षय्य तृतीयेपर्यंत! पन्हळ लावावी, पहिल्या दोनतीन पावसांचे पाणी छपराची घाण धुऊन आणते म्हणून ते बाहेर सोडावे, आणि पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

सांडपाण्याची हेळसांड किती महाग पडते हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. इ. स. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यावाटे काविळीची मोठी साथ पसरली व कित्येक माणसे दगावली. पंचगंगेच्या काठी वर राहणाऱ्यांचे सांडपाणी हे खाली राहणाऱ्यांचे पिण्याचे पाणी असते. मोरीचे पाणी गल्लीत सोडण्याऐवजी परसातील केळीस किंवा अळूस द्यावे. परसू नसेल तर तीनचार फूट लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा खणून त्यात खाली मोठे व वर बारीक दगड भरावे. तो विहिरीपासून निदान 50 फूट दूर असावा.

उपदेशक व शिक्षक बंधूंनी हा पाठ वर्गात घेताना पुढील प्रश्न विचारावे. आपल्या गावचा ओढा वारणेस मिळतो की पंचगंगेस? गावातील झरा कोणत्या महिन्यात आटतो, आणि वडील माणसांच्या लहानपणी तो केव्हा आटत असे? या आठवड्यात आपल्या घरी किती पिशव्या आल्या, व त्यांतील किती चुलीत गेल्या? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी आईस विचारून, मोजून आणावे.