परदेशी निघालेल्या मुलासाठी तारण देताना

मुलगा आखाती देशात नोकरीला निघाला, की एजंटाच्या पैशासाठी बापाचा सातबारा पेटीतून बाहेर येतो. सही करण्याआधी आपण थोडं समजून घेऊ.

जामीन राहणं म्हणजे नुसती ओळख देणं नव्हे. १८७२ च्या करार कायद्यानुसार, वेगळं ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पगार तिकडे थांबला, तर नोटीस इकडे येते.

घर गहाण असेल तर अधिक जपावं. कर्ज थकल्यावर २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात न जाता घराचा ताबा घेऊ शकते. सहकारी बँकांनाही हा अधिकार असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०२० साली ठरवलं. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. पण म्हणून शेत सुटलं असं नाही. बोजा सातबाऱ्यावर 'इतर हक्क' सदरात राहतो आणि पुढं पीककर्ज मागताना आडवा येतो. शिवाय वडिलार्जित जमिनीत मुलीही सहहिस्सेदार आहेत. बहिणीला विचारल्याशिवाय कागद करू नये.

सगळ्यांत घातक म्हणजे सावकाराला 'तारण म्हणून' दिलेलं खरेदीखत. "पैसे फेड, जमीन परत देतो" हे तोंडीच असतं! तारण द्यायचंच तर नोंदणी केलेलं गहाणखत करावं. शर्तीची विक्री असेल, तर परतीची अट त्याच दस्तात हवी. वेगळ्या कागदावर लिहिली तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ते गहाण ठरत नाही.

कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला घेऊन चावडीत द्यावा आणि बोजा उतरलेला नवा सातबारा हातात घेऊनच घरी यावं.