दिवा लागतो, पण पुढची चाके ओढत नाहीत

प्रश्न : माझी जुनी जिप्सी आहे. लिव्हर ४एचवर टाकला की दिवा लागतो, तरी चिखलात मागचीच चाके फिरतात. ट्रान्सफर केस खोलावा का?

उत्तर : इतक्यात नको. दिवा फक्त ट्रान्सफर केसची खबर देतो, चाकांची नाही. पुढचे दोन्ही हब ‘लॉक’वर आहेत का पाहा. एक जरी सुटा राहिला, तर डिफरन्शियल सगळी फिरकी तिकडेच घालवतो आणि दुसरे चाकही ओढत नाही. मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद, लिव्हर २एचवर. पुढचे एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. आतला अ‍ॅक्सल शाफ्ट सोबत फिरलाच पाहिजे. नाही फिरला, तर हब उघडून सुकलेले ग्रीस साफ करा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ४एचची चाचणी घेऊ नका.