मृगया, रक्षण आणि समदृष्टी
(हिंस्र श्वापदांच्या वधाविषयी गीतेच्या आधारे विचार)

दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात, तेव्हा पशूंमध्ये गाय किंवा हरिण न निवडता मृगेंद्र सिंह हे आपले रूप असल्याचे ते म्हणतात. जो पशू मारून जगतो, ज्याच्या गर्जनेने वनातील प्राणिमात्र भयभीत होतात, त्याच्या ठिकाणी परमेश्वराचे तेज पाहावे, अशी ही आज्ञा आहे. दुसऱ्या बाजूस हीच गीता रणांगणावर सांगितली गेली आणि धनुष्य खाली ठेवलेल्या अर्जुनाला तिने ते पुन्हा उचलावयास लावले. यास्तव गीतेचा अभ्यास करणाऱ्या गृहस्थापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. ज्या वाघात भगवंताची विभूती पाहावयाची, तो वाघ गावाच्या शिवेवर येऊन माणसे मारू लागला, तर गीतेचा अनुयायी काय करील? आणि जो वाघ कोणाच्याही वाटेस गेलेला नाही, त्याला केवळ मौजेखातर मारणाऱ्यास गीता काय म्हणेल?

रायपूर नगरीतील पंडरीच्या कापडबाजारात गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्यास हा प्रश्न दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्याकडून लुगडी आणि धोतरे नेणारी पुष्कळ गिऱ्हाइके अरण्याला लागून असलेल्या गावांतून येतात. बारनवापाराचे अभयारण्य किंवा उदंती-सीतानदीचा व्याघ्रप्रकल्प रायपूरपासून फार लांब नाही. तेथे गुरे राखणाऱ्या मुलाला बिबळ्याची चाहूल ही नित्याची गोष्ट आहे. अरण्य आणि बाजार एकाच समाजाची दोन अंगे आहेत, म्हणून एकाचा धर्मसंकटाचा प्रश्न दुसऱ्यालाही टाळता येत नाही.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. हिंस्र पशू दुष्ट असतो, म्हणून त्याला मारणे म्हणजे दुष्टांचा संहार करणे होय, असे पुष्कळांना वाटते. हा विचार शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की, प्राणिमात्र आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागतात. ज्ञानी पुरुषदेखील त्यास अपवाद नाही. वाघाला विवेक दिलेला नाही, त्यामुळे त्याला अधर्मही नाही. तो द्वेषाने मारत नाही, साठा करण्यासाठी मारत नाही, मारल्याचा गर्वही वाहत नाही. ज्याला पाप नाही, त्याला शिक्षा कसली? म्हणून सूड किंवा दंड या नावाने श्वापदाचा वध करणे न्यायाचे नाही. वध करावा लागलाच, तर त्याचे कारण दुसरे असले पाहिजे.

ते कारण कोणते, हे ठरविण्यासाठी अठराव्या अध्यायातील कर्माचे तीन भेद उपयोगी पडतात. कर्तव्य म्हणून, आसक्ती आणि द्वेष सोडून, फळाची इच्छा न धरता केलेले ते सात्त्विक कर्म. भोगाच्या इच्छेने किंवा अहंकाराने, मोठ्या आटापिट्याने केलेले ते राजस. आणि परिणाम, हानी, हिंसा व आपले सामर्थ्य यांचा विचार न करता केवळ मोहाने आरंभलेले ते तामस. बाहेरून पाहता तिन्ही ठिकाणी बंदुकीचा बार एकच असतो. भेद असतो तो कर्त्याच्या अंतःकरणात, आणि कर्मापूर्वी त्याने केलेल्या किंवा न केलेल्या विचारात.

राजस वधाचे रूप म्हणजे मृगया. राजांनी शिकार करण्याची चाल प्राचीन असली, तरी शास्त्रकारांनी तिला निरपवाद संमती दिलेली नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामातून उत्पन्न होणाऱ्या दहा व्यसनांची गणना आहे, तिचा आरंभच मृगयेपासून होतो. आणि त्यांतील अत्यंत घातक अशा चार व्यसनांतही तिचा समावेश केला आहे. कौटिल्याने मृगयेने शरीराला व्यायाम घडतो, चल लक्ष्यावर नेम साधतो इत्यादी गुण मान्य केले, तरी तिचा विचार त्याने व्यसनांच्याच प्रकरणात केला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातील एक विधान तर विशेष मननीय आहे. मांसभक्षक वन्य पशू मारल्यास दुभती गाय दान द्यावी आणि तृणभक्षक मारल्यास कालवड द्यावी, असे तेथे प्रायश्चित्त सांगितले आहे. हिंस्र पशूचा वध हे पुण्य असते, तर त्यास प्रायश्चित्त सांगण्याचे प्रयोजनच नव्हते. आणि येथे तर ते हरणाच्या वधाहून अधिक सांगितले आहे.

या व्यसनाचा शेवट कोठे होतो, याचे उदाहरण छत्तीसगढच्या भूमीवरच घडले आहे. इ. स. १९४७ मध्ये, आजच्या छत्तीसगढच्या उत्तर भागात असलेल्या कोरिया संस्थानात, तेथील महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्रीच्या वेळी मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ही शेवटची निश्चित नोंद मानली जाते. १९५२ साली हा प्राणी या देशातून नष्ट झाल्याचे शासनाने जाहीर केले. दोष एका व्यक्तीच्या माथी मारून समाजाला मोकळे होता येणार नाही. ती बंदूक उडण्यापूर्वी कित्येक पिढ्या चित्त्यांना पकडून शिकारीसाठी पाळण्यात आले होते, त्यांची माळराने नांगराखाली गेली होती आणि इतर संस्थानिकांनी व गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांची यथेच्छ शिकार केली होती. शेवटचा बार ज्याच्या हातून सुटतो, त्याचे नाव इतिहासात राहते. पण त्या आधीच्या सहस्र बारांचे कर्तृत्वही कर्मसिद्धान्ताच्या दृष्टीने लोपत नाही.

येथे महाभारताच्या वनपर्वातील एका प्रसंगाचे स्मरण होते. पांडव द्वैतवनात राहून मृगांवर उपजीविका करीत असता, एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात त्या वनातील मृग आले. ते कापत होते, त्यांचे कंठ दाटले होते. आमची कुळे खुंटत चालली आहेत, बीजापुरते थोडेच उरलो आहोत, आपण निवासस्थान बदलावे म्हणजे आमची वाढ होईल, अशी त्यांनी विनवणी केली. धर्मराजाने जागे होताच ते बंधूंना सांगितले आणि सर्वजण काम्यक वनाकडे निघाले. लक्षात घेण्यासारखे हे की, पांडव तेथे मौजेसाठी शिकार करीत नव्हते. वनवासात त्यांना आणि त्यांच्यासोबतच्या लोकांना अन्न हवे होते. तरीही बीज नष्ट होऊ देण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे युधिष्ठिराने एका रात्रीत ओळखले. त्याच महाभारतात विदुराने धृतराष्ट्रास समजाविले आहे की, वाघाविना वन टिकत नाही आणि वनाविना वाघ टिकत नाही. दोघे एकमेकांचे रक्षक आहेत. कोरियाच्या वनातील चित्ते मात्र कोणाच्याही स्वप्नात आले नाहीत.

तामस वधाचे रूप याहून वेगळे आहे. इंग्रजी राजवटीत हिंस्र पशू म्हणजे शेतीचा शत्रू, असे ठरवून त्यांच्या मुंडक्यांवर इनामे लावण्यात आली. इ. स. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबळे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कोणता वाघ माणसावर आला आणि कोणता आला नाही, हे इनाम देणारा विचारत नव्हता. आजही अमेरिकेत कोयोटे नावाचा लांडग्याच्या कुळातील प्राणी जास्तीत जास्त कोण मारतो, अशा स्पर्धा काही ठिकाणी भरतात. कॅलिफोर्निया राज्याने अशा स्पर्धांतील बक्षिसांवर २०१४ साली बंदी घातली. आपल्याकडे मेलेल्या गुरावर विष टाकून ठेवणे हाही याच जातीचा प्रकार आहे. त्या विषाने वाघ मरतो, तसे कोल्हा, तरस, गिधाड आणि गावचे कुत्रेही मरते. परिणामाचा विचार न करता आरंभलेले कर्म याहून स्पष्ट दाखविता येणार नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल की, मग श्वापदाला कधीच मारू नये, हाच गीतेचा निर्णय ठरतो. हेही घाईचे होईल. सहाव्या अध्यायात भगवंतांनी आत्मौपम्य सांगितले आहे. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखेच जाणणारा योगी श्रेष्ठ, असे ते म्हणतात. हे आत्मौपम्य वाघापुरते राखून ठेवता येत नाही. पहाटे कापूस वेचण्यास जाणारी शेतकरीण, रानात गुरे नेणारा गुराखी आणि त्यांची घरी वाट पाहणारी मुले यांच्या ठिकाणीही स्वतःला ठेवून पाहिले पाहिजे. नगरात कुलूपबंद दारामागे निजणाऱ्याने अहिंसेचा उपदेश करावा आणि तिची किंमत रानाकडेच्या दरिद्री माणसाने आपल्या प्राणांनी द्यावी, यास समदृष्टी म्हणता येणार नाही. कौटिल्याने व्याघ्रादी श्वापदांच्या भयाची गणना अग्नी, पूर आणि दुष्काळ यांच्याबरोबर देशावरील संकटांत केली आहे. श्वापदाने धरलेल्याच्या मदतीस जो धावून जात नाही, त्यास बारा पण दंड आणि श्वापदास मारणाऱ्यास तेवढेच पारितोषिक, असा त्याचा नियम आहे. म्हणजे ज्या ग्रंथाने मृगयेस व्यसनात बसविले, त्यानेच रक्षणास कर्तव्य ठरविले.

सध्याचा कायदाही याच विवेकावर उभा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी केली. तथापि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेला वध त्याने अपराध मानलेला नाही. वाघासारखा प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, तर राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आणि कारणे नमूद करून त्याच्या शिकारीची अनुज्ञा देऊ शकतो. परंतु त्यास जिवंत पकडणे, गुंगी देणे किंवा अन्यत्र नेणे शक्य नाही, अशी आधी खात्री पटली पाहिजे.

या नियमाची कठोर परीक्षा विदर्भात झाली. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा व राळेगावच्या परिसरात टी-१ या खुणेने ओळखल्या जाणाऱ्या वाघिणीकडे, जिला लोक अवनी म्हणू लागले, तेरा माणसांचे मृत्यू लावले गेले. तिला आधी बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करावा, ते न साधल्यास मारावे, असा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मारली गेली. तिच्यामागे दोन बछडे राहिले. आदेशातील क्रम नीट पाळला गेला की नाही, यावर पुढे देशभर वाद झाला. गावांत फटाके वाजले, आणि दूरच्या शहरांत तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या गेल्या.

गीतेचा विद्यार्थी या दोन्ही समूहांपैकी कोणाच्या पंक्तीस बसेल? त्याने आधी दोघांचेही दुःख समजून घेतले पाहिजे. दोन वर्षे भयाच्या छायेत शेती केलेल्या माणसाला सुटकेचा श्वास टाकावासा वाटणे स्वाभाविक आहे; त्याला दूरस्थाने दूषण देऊ नये. तथापि सुटका आणि उत्सव यांत अंतर आहे. अठराव्या अध्यायात म्हटले आहे की, धुराने जसा अग्नी वेढलेला असतो, तसे सर्व आरंभ कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेले असतात. म्हणून सहज कर्म टाकू नये. याचा अर्थ रक्षणासाठी केलेला वध टाळता आला नाही, तरी त्याचा धूर डोळ्यांना झोंबला पाहिजे. ज्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही, त्याने कर्तव्य केले की हौस भागविली, हे त्याने स्वतःस विचारावे. अहंकाररहित पुरुषाला कर्म बांधत नाही, हे वचनही येथे सोयीने पुढे करू नये. ते सिद्धाचे लक्षण आहे, शिकाऱ्याची ढाल नव्हे.

मग वध केव्हा धर्म्य ठरेल? तामस कर्माच्या लक्षणात भगवंतांनी ज्या चार गोष्टींचा विचार सांगितला, त्याच कसोटी म्हणून घ्याव्यात. अनुबंध, म्हणजे पुढे काय होईल? जुन्नर भागात उसात सापडलेले बिबळे पकडून दुसरीकडे सोडले गेले, तेव्हा ते सोडलेल्या जागांजवळ माणसांवरील हल्ले वाढल्याचे पुढे अभ्यासकांना आढळले. यावरून नुसती दया किंवा नुसती घाई पुरेशी नसते, हे दिसते. क्षय, म्हणजे कशाचा नाश होईल, बीज तर खुंटत नाही ना? हिंसा, म्हणजे कोणाला किती पीडा होईल, पिले मागे राहतील काय, निरपराध दुसराच प्राणी मरेल काय? आणि पौरुष, म्हणजे हे कार्य करण्याचे ज्ञान, अधिकार व सामर्थ्य कर्त्याजवळ आहे काय? या चारही प्रश्नांचे उत्तर देऊन, दुसरे सर्व उपाय थकल्यावर, द्वेष न बाळगता आणि बक्षिसाची इच्छा न धरता केलेले रक्षण सात्त्विकाच्या जवळ जाते. एकाही प्रश्नाला बगल दिली, तर ते कर्म राजस किंवा तामस होते, मग हातात शासनाचा कागद असो वा नसो.

गृहस्थाचा वाटा याहून साधा, पण नित्याचा आहे. मुलाच्या गळ्यात वाघनख बांधण्याची जुनी हौस आज कायद्याने अपराध आहेच. शिवाय त्या नखाची मागणी हीच बंदुकीची पहिली गोळी असते. गुरांचा गोठा रात्री पक्का बंद ठेवणे, मेलेली जनावरे व खरकटे गावाजवळ न टाकणे, मुलांना सांजवेळी एकटे न पाठविणे, हे रानाकडेच्यांनी करावे. नगरवासीयाने गरीब शेतकऱ्यास मिळणारी नुकसानभरपाई वेळेवर मिळावी म्हणून आपले वजन खर्च करावे. ज्याची गाय वाघाने नेली त्याला दुसरी गाय मिळाली, तर वाघावर विष टाकण्याची बुद्धी त्यास बहुधा होणार नाही. मनूने वधानंतर सांगितलेली दुभती गाय वधापूर्वीच दिली, तर प्रायश्चित्ताची वेळच येणार नाही.

ज्ञानेश्वर महाराजांनी तेराव्या अध्यायातील अहिंसेचे विवरण करताना एक विलक्षण दृष्टांत योजला आहे. अहिंसक पुरुष भूमीवर पाऊल किती हळुवार ठेवतो? पिलाला तोंडात धरून नेणारी माता त्याला दातांची टोके जितकी हळुवार लागू देते, तितके. ज्या दातांनी मारावयाचे, तेच दात करुणेचे परिमाण झाले. शस्त्र हाती असलेल्या मनुष्यानेही एवढेच शिकावयाचे आहे.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी आफ्रिकेतील नामिबिया देशातून आठ चित्ते आणून मध्यप्रदेशातील कुनोच्या वनात ठेवण्यात आले. गमावलेले बीज समुद्रापलीकडून मागून आणावे लागले. जेथे शेवटचे चित्ते पडले, त्या कोरियाच्या बाजूचे अरण्य २०२४ साली गुरु घासीदास-तमोर पिंगला या नावाने व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले. युधिष्ठिराला जे एका रात्रीत उमगले, ते समजण्यास या देशाला पाऊण शतक लागले. उरलेल्या बीजाच्या बाबतीत तेवढा विलंब न होवो, हीच त्या सर्वभूतांतर्यामी भगवंताचरणी प्रार्थना.

चिंतनासाठी: (१) ज्याला विवेक नाही त्याला पाप नाही, तर विवेक असणाऱ्याचा भार किती वाढतो? (२) आपल्या घरातील कोणती वस्तू किंवा सवय दूरच्या एखाद्या प्राण्याच्या वधास कारण होते? (३) आपली करुणा दुसऱ्याच्या जिवावर तर चालत नाही ना?