सायंकाळचा दीड तास : मोबाईलचा अतिरेक आणि प्रत्यक्ष सहवासाचे शिक्षण

बालकाचे शिक्षण केवळ शाळेच्या चार भिंतींत होत नसते, हे तत्त्व शिक्षकवर्गास नवे नाही. दिवसाचे पाचसहा तास मूल शाळेत असते. उरलेला काळ ते घर, गल्ली, शेत व गाव यांच्या सहवासात घालविते. बोलण्याची रीत, ऐकून घेण्याची सवय, वडीलधाऱ्यांविषयीचा आदर, भांडण झाल्यावर ते मिटविण्याची कला, या गोष्टी ते बहुतांशी याच सहवासात शिकते. हा सहवास मिळण्याचा मुख्य काळ म्हणजे सायंकाळ. माणसे शेतातून परततात, गुरे गोठ्यात येतात, घर एकत्र जमते. आज अनेक घरांत या वेळी चार माणसे एका खोलीत असतात, परंतु चौघांच्या दृष्टी चार पडद्यांवर खिळलेल्या असतात. या प्रश्नाकडे ग्रामीण शिक्षकाने कोणत्या दृष्टीने पाहावे आणि त्यास काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

२०१६ सालानंतर इंटरनेट अतिशय स्वस्त झाले आणि स्मार्टफोन खेड्यापाड्यांत पोहोचला. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या, आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाईल मुलांच्या हाती देणे भाग पडले. शाळा पुन्हा सुरू झाल्या, परंतु हाती गेलेला मोबाईल परत आला नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२४ सालच्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात अभ्यासाच्या कामी त्याचा उपयोग केला होता, तर सुमारे ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी केला होता. ज्या कारणासाठी साधन घरात आले, त्याहून दुसऱ्याच कारणासाठी ते अधिक वापरले जाते, हा या आकड्यांचा अर्थ होय.

याचा सर्व दोष मुलांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पुस्तकाला शेवटचे पान असते, खेळाला अंधार पडण्याची मर्यादा असते. परंतु मोबाईलवरील छोट्या चित्रफितींना शेवटच नसतो. एक संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. पुढची चित्रफीत कशी निघेल हे ठाऊक नसल्यामुळे, जत्रेतील सोरटीपुढे माणूस जसा खिळून राहतो, तसे मन तेथे खिळते. ही रचना जाणूनबुजून केलेली असते. कारण पाहणाऱ्याचा वेळ हेच त्या धंद्याचे भांडवल असते. मोठी माणसेही जेथे हार खातात, तेथे आठ वर्षांच्या बालकाकडून संयमाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केलेल्या शिफारशींत एक वर्षाखालील बालकास पडदा मुळीच दाखवू नये व दोन ते चार वर्षांच्या बालकास दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये, असे म्हटले आहे. यामागील कारण समजण्यास कठीण नाही. लहान मूल भाषा शिकते ती उत्तर मिळण्यातून. ते बोबडे बोलते, आई हसून प्रत्युत्तर देते, मूल पुन्हा बोलते. पडदा अखंड बोलतो, परंतु मुलाचे ऐकत नाही. बेंगळुरू येथील ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापराने त्रस्त झालेल्यांसाठी २०१४ साली स्वतंत्र उपचारकेंद्र सुरू केले, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे. तथापि मोबाईल अधिक पाहणारे प्रत्येक मूल रोगी नव्हे. शिक्षकाने कोणत्याही मुलास ‘व्यसनी’ असे नाव ठेवू नये. झोप, जेवण, खेळ व अभ्यास या चारही गोष्टी ढासळल्या असतील, तर मात्र पालकांना वैद्यकीय सल्ला घेण्यास सांगावे.

२. मोहित्यांचे वडगाव : एक उदाहरण

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. टाळेबंदीनंतर शाळेत परतलेल्या मुलांचे चित्त अभ्यासात लागत नाही, ही गोष्ट तेथील शिक्षकांच्या लक्षात आली. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने हा विषय ग्रामसभेपुढे आला आणि २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने एक निर्णय केला. दररोज सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजावा व त्याबरोबर घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद व्हावेत. साडेआठ वाजता पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचन करावे अथवा एकमेकांशी बोलावे.

आरंभी काही माणसांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. सायंकाळच्या मालिका पाहण्याची सवय घरोघरी जडलेली होतीच. तेव्हा शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांनी पहिले काही दिवस दारोदार फिरून लोकांना आठवण करून दिली. हळूहळू गावास सवय लागली. पुढे अन्य गावांनीही हा मार्ग धरला. सीमाभागातील बेळगाव जिल्ह्यात हलगा या गावाने डिसेंबर २०२४ पासून सायंकाळी सात ते नऊ असा उपक्रम सुरू केला.

याच सुमारास, म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बान्सी ग्रामसभेने निराळा ठराव केला. अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरू नये, असा तो ठराव होता. हेतू दोन्हीकडे एकच. मार्ग मात्र भिन्न. बान्सीचा निर्बंध मुलांपुरता व दिवसभराचा आहे. वडगावचा निर्बंध सर्वांना लागू असून दीड तासापुरता आहे. शिक्षणाच्या दृष्टीने वडगावच्या पद्धतीतील चार गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, वेळ थोडी व निश्चित असल्याने नियम पाळणे शक्य होते. दुसरी, वडील माणसे स्वतःस त्याच नियमाने बांधून घेतात. त्यामुळे मुलास तो अन्याय वाटत नाही. तिसरी, भोंग्याचा आवाज सर्वांना एकाच वेळी ऐकू येतो. त्यामुळे एकट्या आईला मुलाशी झगडावे लागत नाही, साऱ्या गावाचे बळ तिच्या पाठीशी उभे राहते. चौथी व सर्वांत महत्त्वाची, रिकामा झालेला वेळ अभ्यास, वाचन व संभाषण यांनी भरला जातो. नुसता काढून घेतलेला मोबाईल मुलास चोरून पाहण्यास शिकवितो. त्याच्या जागी दुसरे काही दिले तरच सवय पालटते.

३. परभणी जिल्ह्यातील परिस्थिती

एका गावाचा उपक्रम दुसऱ्या गावी जसाच्या तसा नेता येत नाही. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत गावागणिक परिस्थिती निराळी आहे. सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी चालू असता माणसे उशिरा घरी येतात. शेतीची वीज रात्री असली म्हणजे पुरुषमाणसे पाणी देण्यास जातात. म्हणून वेळ कोणती, हे त्या त्या गावानेच ठरविले पाहिजे.

याहून नाजूक गोष्ट ऊसतोड कामगारांच्या मुलांची. गंगाखेड, पालम, जिंतूर या भागांतील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ अथवा हंगामी वसतिगृहात असतात. आईबाप दिवसभर फडात राबून सायंकाळी कोपीवर येतात आणि तेव्हाच त्यांचा फोन येतो. त्या मुलाच्या दृष्टीने मोबाईल म्हणजे आईचा आवाज होय. नेमक्या त्याच वेळी सरसकट सर्व मोबाईल बंद केले, तर माणसांना जवळ आणण्यासाठी केलेला नियम त्या मुलास आईपासून अधिक दूर नेईल. अशा गावी ‘पडदा बंद, बोलणे चालू’ असा नियम करावा. आईबापांचा फोन केव्हाही घेता यावा. चित्रफिती व खेळ तेवढे बंद असावेत. साधन वाईट नाही, त्याचा अतिरेक वाईट, हा विवेक मुलांस यातूनच समजेल.

आणखी दोन गोष्टी विसरता कामा नयेत. सात ते साडेआठ ही घरोघरी स्वयंपाकाची वेळ असते. मुलांना जवळ घेऊन बसण्याचे काम पुन्हा एकट्या आईवर पडले, तर हा उपक्रम तिच्या कष्टांत भरच घालील. वडिलांनी व आजोबांनी या वेळेचा भार उचलला पाहिजे. दुसरे असे की, पूर्वीच्या सायंकाळी सर्वच दृष्टींनी चांगल्या होत्या असे मानण्याचे कारण नाही. पारावरच्या गप्पांत स्त्रियांना स्थान नव्हते आणि गावकुसाबाहेरच्यांना तर मुळीच नव्हते. आज जो सहवास पुन्हा निर्माण करावयाचा, तो सर्वांसाठी खुला असला पाहिजे. त्या दृष्टीने शाळेचा व्हरांडा हा पारापेक्षा अधिक योग्य होय.

जिल्ह्याजवळ सहवासाची समृद्ध परंपराही आहे. संत जनाबाई गंगाखेडच्या, आणि जनाबाईंचे नाव घेताच जाते डोळ्यांपुढे उभे राहते. दळता दळता बायका ओव्या गात, सुखदुःखे एकमेकींस सांगत. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या संकलित करविल्या, यावरून या बोलत्या परंपरेचा विस्तार लक्षात येतो. जात्याची जागा गिरणीने घेतली ती योग्यच झाले; परंतु ज्या आजींना या ओव्या मुखोद्गत आहेत, त्या आजही घरोघरी आहेत. त्यांच्याजवळ बसणारे कोणी हवे आहे.

४. शिक्षकाचे कार्य

आरंभ स्वतःपासून व्हावा. माहिती भरणे, छायाचित्रे पाठविणे, गटांवरील सूचना वाचणे यांसाठी शिक्षकालाही वारंवार मोबाईल हाती घ्यावा लागतो, हे खरे. परंतु मुलास त्यामागील कारण दिसत नाही. गुरुजी मोबाईल पाहत आहेत, एवढेच दिसते. म्हणून अशा कामासाठी दिवसातील एखादी वेळ नेमून घ्यावी व अध्यापनाच्या तासिकेत मोबाईल दृष्टीआड ठेवावा.

त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय मांडावा. आरोप न करता मुलांच्या दैनंदिनीतील नोंदी पुढे ठेवाव्यात. समितीची संमती मिळाल्यावर ग्रामसभेत ठराव यावा. दंडाचा आग्रह धरू नये. दंडाने नियमाची भीती राहते, गोडी राहत नाही. भोंगा नसेल तर शाळेची घंटा पुरे. प्रथम एक महिना प्रयोग करावा, मग गावाने पुन्हा विचार करावा.

५. पाठाचे टाचण

इयत्ता : पाचवी. विषय : परिसर अभ्यास व गणित. तासिका : दोन.

उद्दिष्टे : (१) स्वतःचा वेळ कोठे जातो, हे विद्यार्थ्यास मोजता यावे. (२) प्रत्यक्ष संभाषण व पडद्यावरील पाहणे यांतील भेद त्यास सांगता यावा. (३) घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीची मुलाखत घेता यावी.

पूर्वतयारी : विद्यार्थ्यांनी सात दिवस झोप, शाळा, खेळ, घरकाम, अभ्यास, गप्पा व पडदा या सदरांखाली वेळेची नोंद ठेवावी. कोणाचीही नोंद नाव घेऊन वर्गात वाचू नये.

प्रस्तावना : काल सायंकाळी घरी कोणाशी बोललात? काय बोललात? आजीने सांगितलेली एखादी गोष्ट कोणास आठवते काय?

हेतुकथन : ‘सायंकाळचा दीड तास कसा घालवावा, याचा आज विचार करावयाचा आहे.’

विषयप्रतिपादन : शिक्षकाने मोहित्यांच्या वडगावची हकीकत सांगावी. नंतर फळ्यावर गणित मांडावे. रोज दीड तास, तर आठवड्यास किती? साडेदहा तास. वर्षाच्या ३६५ दिवसांस किती? साडेपाचशेस अडीच कमी, म्हणजे ५४७ तास ३० मिनिटे. शिक्षणहक्क कायदा, २००९ याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाकाठी ८०० तास अध्यापन व्हावे लागते. म्हणजे रोजच्या दीड तासातून शाळेच्या वर्षाचा दोनतृतीयांशाहून अधिक काळ हाती येतो. हा निष्कर्ष मुलांनी स्वतः काढावा. शिक्षकाने घाईने सांगू नये.

उपयोजन : दोघादोघांच्या जोड्या करून पाच मिनिटे एकाने बोलावे व दुसऱ्याने मध्येच न बोलता ऐकावे, मग ऐकलेले सांगावे. ऐकणे हेही शिकावे लागते, हे मुलांस अनुभवाने कळेल.

स्वाध्याय : घरातील अथवा शेजारच्या वृद्ध व्यक्तीजवळ बसून एक ओवी, एक खेळ किंवा १९७२ च्या दुष्काळाची एक आठवण विचारून वहीत लिहून आणावी. त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज नोंदविण्यास हरकत नाही. यंत्राचा सदुपयोगही दिसला पाहिजे.

मूल्यमापन : एक महिन्यानंतर पुन्हा सात दिवसांची दैनंदिनी ठेवावी व दोन्ही नोंदी मुलांनी स्वतःच ताडून पाहाव्यात.

समारोप

मोबाईल खेड्यातून परत जाणार नाही, आणि तो जावा अशी इच्छा धरण्याचेही कारण नाही. बाजारभाव, हवामान, दवाखाना आणि दूर गेलेले आईबाप यांना तो जोडून देतो. त्याने दिवसातील कोणत्या वेळी बाजूला राहावे, एवढेच गावाने ठरवावयाचे आहे. वडगावने ते ग्रामसभेत ठरविले, आणि मुलांचे चित्त विचलित होत असल्याचे तेथे शिक्षकांनी ओळखले होते. प्रत्येक शाळेने येत्या सत्रात निदान दैनंदिनीचा हा एक आठवडा पार पाडावा. त्या सात दिवसांच्या नोंदींतूनच पुढील वाट गावास दिसू लागेल.